अर्चू, कुलूप उघडलं गो

अगो अर्चू, ये बघू इकडे, अशी जवळ बस. ती खुर्ची, ते कदेल, ओढून घे. लांबून बोलायला माझा घसा आता पुरत नाही, आणि तुला जरा रागवायचंही आहे. माणूस दोन दिवसांसाठी घराबाहेर पडला तरी सांगून जातो गो. गॅस बंद केलाय, मागचं दार ओढून घेतलंय, दुधाचं भांडं अमुक ठिकाणी ठेवलंय. आणि तू? एवढा पसारा मांडलास, त्याला कुलूप घातलंस, ताप काय आला आणि गेलीस काय. तुझ्या आईची हीच खोड होती. माझी थोरली बहीण, पण तिलाही मी हेच सांगायचे, जाताना एक शब्द तरी टाकून जात जा. ती गेली तेव्हा तुला मी पोटाशी घेतलं. आता मी कोणाला घेऊ?

तुझ्या सासरी, सुर्ल्याला, तुझं बारावं झालं, त्या दिवशी पानावर बसून मी काय विचार करत होते, सांगू? लोकांना वाटलं, मावशी रडते आहे. रडत होतेच. पण डोळ्यांपुढे तो पांढरा पडदा होता. पांढऱ्यावर काळी इंग्रजी अक्षरं, इंटर्नल सर्व्हर एरर, आणि वर तो पाचशेचा आकडा. तू होतीस तेव्हा पाचशे दिसला की आपण आधी चहा ठेवायचो. तू म्हणायचीस, घाईनं हात लावला की आणखी बिघडतं. आता दिसला तरी चहा एकटीसाठी ठेववत नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे आणखी कोणी वाचेल, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. तू ऐकून घे, मध्ये तोंड घालू नको.

आमच्या गोव्यात, धारगळच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, पौष महिन्यात बायका धालो खेळतात. ज्या अंगणात खेळतात त्याला मांड म्हणायचं. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेत हात, एका रांगेनं गायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. बाकीच्या दिवसांची गाणी कोणीही ऐकावीत. पण शेवटच्या दिवशी सोंगं होतात. बायका पुरुषांचे कपडे चढवून वाड्यावरच्या एकेका बाप्याची नक्कल करतात. मतं मागायला आलेला पंच, आमटीला नावं ठेवणारा दीर, बायकोपुढे वाघ आणि आईपुढे मांजर असलेला नवरा, कोणी सुटत नाही. त्या दिवशीचं गाणं पुरुषाच्या कानावर पडू द्यायचं नाही, ही मांडाची रीत. आणि आमचे पुरुषही ती पाळतात हं. त्या दिवशी आपणहून दूर जाऊन बसतात, कोणी सांगावं लागत नाही.

ही गाणी जपून ठेवायची हे तुझ्या डोक्यात आलं. पाळी गावात वाढलीस, सुट्टीत माझ्याकडे यायचीस, सुर्ल्याला दिलेली, खनिजाच्या ट्रकांच्या हपिसात काम करत होतीस. खाणी बंद पडल्या, हपीस बंद पडलं, आणि इतर बाया कपाळाला हात लावून बसल्या तेव्हा तू घरी बसून वेबसाइट बनवायला शिकलीस. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांच्या साइटी करून दिल्यास. मग म्हणालीस, मावशी, आता आपल्या मांडाची करूया. मला हसू आलं होतं. मी चौथीतून उठलेली बाई, पुढचं काय ते वर्तमानपत्र वाचून वाचून आलेलं. पण तू स्कूटर घेऊन यायचीस, अंगावर सुर्ल्याची तांबडी धूळ, पाय धुऊन आत यायचीस आणि माझ्या मेजावर तो लॅपटॉप उघडायचीस. गाण्यांचे शब्द मी लिहून काढायचे, तू ते साइटवर चढवायचीस. पुढे मीच चढवायला लागले. वाड्यावर सांगत सुटले होते, मी साइट चालवते म्हणून. हे, म्हणजे तुझे काका, म्हणायचे, चूल कोण चालवणार ते तेवढं सांग.

शेवटच्या दिवसाची गाणी द्यायला मात्र बायका तयार होईनात. सगळं अडलं ते शेवंतीकाकीपाशी. तीच गायची, आम्ही सगळ्या उत्तर देणाऱ्या. तू तिच्या पायाशी बसून किती वेळा विनवलंस. अखेर तिनं अटी घातल्या. गाणार ती मांडावरच बसून. बायका सोडून कोणाला ऐकू जाता कामा नये. आणि गाणं एकाच ठिकाणी राहायचं, तुझ्या फोनात नको, लॅपटॉपात नको, कागदावरही नको, उद्या कोणी पोरगा उघडून बसेल. मग आपण दुपारच्या वेळी मांडावर बसून रेकॉर्ड केलं. हायवेवरून ट्रक गेला की काकी थांबायची, ट्रकाला एक शिवी द्यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका गाण्यात ती शिवी राहून गेली होती. तू म्हणालीस, ही काढायची नाही.

साइटवर चढवून झालं त्या दिवशी तू सगळ्या बायकांसमोर फोनातलं पुसलंस, लॅपटॉपातलं पुसलंस, कचऱ्याच्या डब्यातलंही पुसून दाखवलंस. काकीनं चष्मा पुसून बघितलं आणि मान हलवली. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण तुझ्या तोंडाकडे बघून तिनं विश्वास ठेवला.

म्हणून साइटवरच्या त्या शेवटच्या दिवसाच्या फोल्डरला पासवर्डाचं कुलूप. ते लावतानाच मी पहिल्यांदा पाचशे बघितला. तू कुलपाची ती छोटी फाइल लिहिलीस, एचटीअॅक्सेस का काय ते नाव, साइट उघडायला गेलीस, आणि धाड. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही, सरळ पाचशे. मी म्हटलं, मोडली गो साइट. तू हसलीस. म्हणालीस, सर्व्हर पडद्यावर नुसतं तोंड वाकडं करतो, खरं कारण मागच्या खोलीत लिहून ठेवतो. त्या मागच्या खोलीला एरर लॉग म्हणतात. तो उघडून दाखवलास. दाराचं नाव तू दोन शब्दांचं ठेवलं होतंस, त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह घालायला विसरलीस, म्हणून सर्व्हराला दुसरा शब्द कशाचा तेच कळेना. एवढ्याशा चुकीला केवढा तो आकांत. चिन्हं घातलीस, दार नाव विचारायला लागलं.

पुढे एकदा मी त्या नावात सुधारणा करायला गेले. चिठ्ठ्या लिहिते त्या प्रोग्रामात लिहिलं आणि तिथून उचलून आणलं. पुन्हा पाचशे. तू फोनवर माझ्याकडून एकेक अक्षर वाचून घेतलंस, तरी सापडेना. मग फोटो पाठवायला लावलास. माझी अवतरणचिन्हं वळणाची होती, फुलाच्या पाकळीसारखी. म्हणालीस, “मावशे, सर्व्हराक नक्षी कळणा नाय. सरळ दोन काड्ये घाल.” त्यावर आपण दोघी फोनच्या दोन टोकांना हसत बसलो होतो. इथं हे विचारत होते, काय झालं, काय झालं.

आणि ते नावांचं प्रकरण आठवतं? कुलूप झालं, प्रत्येकीला तिचं नाव आणि पासवर्ड दिला, आणि एकीलाही आत जाता येईना. पुन्हा पुन्हा तीच चौकट, नाव सांगा, पासवर्ड सांगा. इकडून शेजारची रुक्मीण ओरडतेय, तिकडून दुसरी. तू सर्व्हरच्या मागे लागलीस. फाइलचा पत्ता तपासलास, परवानग्या तपासल्यास, लॉग वाचलास. लॉग म्हणे, अशी कोणी बाई मला माहीत नाही. कुठून माहीत असणार? तू सगळ्यांची सासरची नावं घातली होतीस, ज्या नावांनी तू त्यांना लहानपणापासून ओळखायचीस. आणि मांडावर बसलं की आम्ही एकमेकींना माहेरच्या नावानं हाक मारतो. मांडाचं दार म्हटल्यावर प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव टाकलं. एकीलाही दुसरं काही सुचलं नाही. रुक्मीण तुला म्हणाली, कपाळ तुझं, मांडावर रुक्मीण कोण गो? तिथं मी कुसुम.

तू ती फाइल पुसून सगळी नावं नव्यानं घातलीस. आणि मग म्हणालीस, हे तर कुलपाहून भारी झालं, नवऱ्यानं लग्नात ताटातल्या तांदळावर जे नाव लिहिलं त्या नावानं हे दार उघडतच नाही. माझं माहेरचं नाव मी इथं लिहीत नाही. हे वाचतील.

आपलं भांडण झालं ते यावरूनच. शेवंतीकाकी गेल्या गणपतीच्या चवथीआधी वारली, तेव्हापासून तू माझ्या मागे लागली होतीस की कुलूप आता काढूया. आपल्या मुली बंगळुरूला, पुण्याला, दुबईला. पौषात मांडावर यायला त्यांना रजा कोण देणार? त्यांनी ऐकायचं कुठं? मी म्हणायचे, शब्द दिलाय. तू म्हणायचीस, ज्यांना दिला त्या एकेक करून जातायत. मी म्हणायचे, म्हणून शब्द जात नाही. एकदा तू चिडलीस. पायरीवर उभी होतीस, हेल्मेट हातात.

“मावशे, कुलूप रवतला आणि उघडणारी एकय रवाची नाय. मगे काय करतलंस?”

कुलूप राहील आणि उघडणारी राहणार नाही, असं तोंडावर म्हणालीस. मला राग आला, मी आत निघून गेले. पुढे तापात तुझा फोन आला, आवाज बसलेला. मी तेच पुन्हा काढलं तर म्हणालीस, बरी झाले की येते, मग बसून भांडू. मी उकड्या तांदळाची पेज घे एवढं सांगून फोन ठेवला. तेवढंच बोलले गो मी. पेज घे.

तुझं सगळं आटोपल्यावर तुझा दिलीप लॅपटॉप घेऊन आला. जावईमाणूस, दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, यातलं मला काही कळत नाही, आणि घरात ठेवून बघवत नाही, तुमच्याकडेच असू दे. मी उघडला. उघडला की तो तुझं नाव घेऊन नमस्कार करतो. रोज करतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पौष जवळ आला होता. शेवटच्या दिवसाची गाणी पूर्ण येणारी शेवंतीकाकी एकटी. आम्हाला उत्तरं येतात, पण समोरून कोणी काही म्हटलं तर ना उत्तर देणार. म्हणून रुक्मीण म्हणाली, फोल्डर उघड, एकदा बसून ऐकूया, पाठ करूया, या वर्षी आपण म्हणूया. त्यात अर्चूचंही एक गाणं आहे, तेही ऐकू. मी उघडायला गेले, आणि पाचशे.

तू आजारी होतीस त्या दिवसांत सर्व्हरच्या कंपनीनं जुनी मशीनं काढून सगळ्यांच्या साइटी नव्या मशीनवर हलवल्या होत्या. तसा मेल तुला आलेला, न वाचलेल्या मेलांच्या ढिगात पडलेला. मी चहा ठेवला नाही, पण हात आवरून बसले, तू शिकवलं होतंस तसं. आधी बघितलं, नाव विचारतो की न विचारताच पडतो? न विचारताच पडत होता. म्हणजे दोष कुलपाच्या लिहिण्यात. लॉग उघडला. तू कोणाला आत घ्यायचं त्याची जी जुन्या तऱ्हेची ओळ लिहिली होतीस ती नव्या मशीनला कळत नव्हती. ती ओळ काढली. दार नाव विचारायला लागलं. मला एवढं बरं वाटलं अर्चू, मी तुला फोन करायला फोन उचलला. खरंच उचलला. तुझ्या नावापर्यंत बोट गेलं.

नाव घातलं, पासवर्ड घातला, पुन्हा पाचशे. आता विचारून मग पडत होता. तू सांगितलं होतंस, असं झालं तर दार ठीक आहे, नावांची फाइलच त्याला सापडत नाही. लॉगमध्ये तेच लिहिलेलं, पासवर्डाची फाइल उघडता येत नाही. पत्ता जुन्या मशीनचा राहिला होता. नवा पत्ता शोधून घातला. तरी तेच. मग कळलं, पत्ता बरोबर आहे पण तिथं फाइलच नाही. हलवताना आलीच नाही. तू ती साइटच्या आवाराबाहेर ठेवली होतीस, वरच्या अंगाला, लोकांचा हात पोचू नये म्हणून. कंपनीनं नुसतं आवार हलवलं.

मी म्हटलं, असू दे, फाइल नवी करता येते. कंपनीनं दिलेल्या पॅनेलमध्ये बसून एकेकीचं नाव घातलं. सगळी माहेरची. शेवंतीकाकीचंही घातलं, तुझंही घातलं. कोण वापरणार ते मला विचारू नको. फाइल केली तरी पाचशे, कारण सर्व्हराला ती वाचायची परवानगीच नव्हती. ती दिली. या सगळ्यात बरेच दिवस गेले. रुक्मीण येता-जाता कुंपणावरून विचारायची, “उघडला काय गो?” आणि मी म्हणायचे, उघडतंय, उघडतंय.

तुझे काका या दिवसांत काही बोलत नव्हते. नाहीतर त्या फोल्डरवरून त्यांनी मला किती छळलं असेल. तू त्यांचं सोंग केलं होतंस ना, त्यांची पँट चढवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तो मासे निवडतानाचा तोंडाचा चंबू. आम्ही बायका हसून हसून मांडावर लोळलो होतो. ते त्यांच्या कानावर गेलं, कसं कोण जाणे. तेव्हापासून तू आलीस की पहिलं वाक्य, माझं काय केलंस ते सांग गो. तू सांगायचीस, काका, पुढच्या जन्मी बाईच्या जन्माला या, मग ऐकवते. तू गेलीस आणि त्यांनी विचारणं बंद केलं. मासेही स्वतः आणायला जात नाहीत. दारात पांव विकायला येणाऱ्या पदेराकडून घेतात, येऊन कोपऱ्यात बसतात.

काल दुपारी, चहाच्या वेळेला, मी परवानगी देऊन झाल्यावर पुन्हा नाव घातलं, पासवर्ड घातला. आणि पान उघडलं. वर तुझ्या हातचं लिहिलेलं, शेवटचा दिवस. खाली एकाखाली एक गाण्यांची नावं, प्रत्येकाच्या पुढे वाजवायचा तो त्रिकोण. मधेच एका ठिकाणी, काकांचं सोंग, गाणारी अर्चू. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं. हे जवळच बसले होते, कपातला पांव तसाच.

“उघडलां?” त्यांनी विचारलं.

“उघडलां.”

ते उठले. पांव खाली ठेवला. पायात वहाणा घातल्या, अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून कट्ट्यावर बसले. कानाला ऐकू येऊ नये एवढ्या लांब. त्यांचे गुडघे दुखतात, तिथवर ते हल्ली जात नाहीत.

मी तुझ्या नावापुढचा त्रिकोण दाबला. काही वाजलं नाही. दुसरा दाबला. काही नाही. शेवंतीकाकीचा दाबला, ट्रकाला शिवी दिलेला. काही नाही. लॉग उघडला. तिथं एकाखाली एक तीच ओळ. मागितलेली फाइल नाही. नाही. नाही.

तेव्हा मला ती दुपार आठवली गो. कुलूप दाखवून झाल्यावर शेवंतीकाकीनं तुला विचारलं होतं, “आणि कुलूपच कोणी फोडल्यान तर? भितर काय गावतला त्येका?” आणि तू तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली होतीस, “कायएक गावचा नाय, काकी. गाणी त्या घरात मी ठेवचंयच नाय.” फोडणाऱ्याला काही सापडू नये म्हणून तू गाण्यांच्या फाइली त्याच वरच्या अंगाला ठेवल्या होत्यास, आवाराबाहेर, पासवर्डाच्या फाइलीशेजारी. कुलूप लावलेल्या खोलीत नुसती नावं. दुसरं कोणी असतं तर आवारातच ठेवून मोकळं झालं असतं. तू एका म्हातारीच्या शंकेखातर एवढी राखण केलीस, आणि त्या राखणीतच गाणी गेली.

मी कंपनीला फोन लावला. हळू बोलत होते, यांना फाटकापाशी ऐकू जाऊ नये म्हणून. तिकडचा मुलगा चांगला होता, हिंदीत अगदी आदरानं बोलला. म्हणाला, आवाराबाहेरचं सामान ज्याचं त्यानं उचलायचं होतं, तसं मेलात लिहिलं होतं. मी विचारलं, जुनं मशीन? म्हणाला, पुसून झालं माँजी. मी आणखी विचारलं, कुठंतरी काहीतरी राहिलं असेल, अर्धंमुर्धं? तो नाही म्हणाला. मग म्हणाला, क्या था उसमें? मी म्हटलं, गाणी होती. तो म्हणाला, गाणी तर पुन्हा मिळतील ना. मी हो म्हटलं. त्याला काय सांगणार?

आता मी कोणाशी भांडू? तू बरोबर होतीस म्हणू? कुलूप वेळेवर काढलं असतं तर कोणीतरी उतरून घेतलं असतं, कुठल्या तरी पोरीच्या फोनात शेवंतीकाकी आज गात असती. मग तो शब्द? तो मोडून मी तिच्या घरावरून कशी गेले असते? आणि मी बरोबर होते म्हणू, तर शब्द पाळून काय राहिलं? रिकामी खोली राहिली, तिला चांगलं कुलूप आहे. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला रात्रंदिवस कानात हवंय, आणि मला ते ऐकू येत नाही. तुझं बोलणं मला पाठ आहे असं वाटायचं. पाठ आहे ते जुनं. नवं काही तू बोलत नाहीस.

एक सांगायचं राहून गेलं होतं, ते सांगते. माझ्या वयाच्या बाईशी लोक मोठ्यानं आणि तुटक बोलतात, जणू आम्ही भिंतीपलीकडे आहोत. तू मला लॉग वाचायला शिकवलंस. चूक झाली की घाबरून पदर तोंडाशी धरायचा नाही, चूक कुठं ते वाचायचं, हे मला आख्ख्या जन्मात कोणी शिकवलं नव्हतं. काल मी ते दाराच्या शेवटच्या खिळ्यापर्यंत केलं, तुझ्याशिवाय. सगळं दुरुस्त केलं. तू असतीस तर पाठीवर थाप मारली असतीस. तुझे उपकार मानू म्हटलं तर तोंडात शब्द येतो आणि तिथंच अडतो, कारण ज्यासाठी शिकले ते आत नाही.

फोन ठेवला तेव्हा ऊन फाटकापर्यंत सरकलं होतं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, तिकडे तोंड करूनच विचारलं, “झाला काय गो? येव मी?”

मी म्हटलं, “अजून वायच बसा.”

ते बसले. मी लॅपटॉपासमोर बसले. त्यांना वाटत होतं की आत तू गाते आहेस आणि मी ऐकते आहे. त्यांचे खांदे मला इथून दिसत होते. एकदा ते हलले. हसले की काय, मला कळलं नाही. आपल्या सोंगाचं आठवलं असेल.

आत आले तेव्हा काही विचारलं नाही. ते विचारणार नाहीत, पुरुषानं विचारायचं नसतं. पण माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, बरं गायली असेल ना पोर. मी मान हलवली. आता त्यांचं ते वाटणं मी मोडू कशी?

आज सकाळी रुक्मीणनं निरोप पाठवलाय. या रविवारी, आयतवारी, सगळ्या येतात ऐकायला. कोणी शंकरपाळे करणार आहे, कोणी चणे. त्यांना तरी मला सांगावंच लागेल, की आत काही नाही, शेवंतीकाकी नाही, अर्चू नाही, या पौषात शेवटच्या दिवशी उत्तर द्यायला आम्ही रांगेत उभ्या राहू आणि समोरची रांग गप्प असेल. मी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं. दहाही वेळा मोडलं गो.

ये ना अर्चू. भांडायला येते म्हणाली होतीस, भांडायलाच ये. आयतवारी त्या सगळ्या यायच्या आधी ये, सकाळीच ये. फाटक मी उघडं ठेवते. लवकर ये गो बाय.